मिरगाची तारीख

सर, सोमवारी तुम्ही वकीलसाहेबांबरोबर यवतमाळला नोटरीकडे जाणार होतात. शनिवारी दुपारी जेवून खाटेवर पडलात ते उठलाच नाहीत. चार वाजता काकू चहासाठी हाका मारत राहिल्या. आज त्याला पंधरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्याशी भांडते आहे. बसमध्ये भांडते, मदत केंद्रावर कागद लावताना भांडते, भाकरी थापताना भांडते. माझी याडी परवा म्हणाली, एकटीच काय पुटपुटत असतेस, अंगात ताप आहे का. ताप नाही म्हटलं. आईला याहून जास्त काय सांगणार.

पुण्यानुमोदनाला विहार भरला होता. कोर्टातले जुने लोक आले, ज्यांचे कागद तुम्ही फुकट लिहून दिलेत ती गावोगावची माणसं आली. प्रत्येकानं तुमच्या अक्षराचं कौतुक केलं. खोब्रागडे शिरस्तेदारांच्या हातचा कागद कधी परत आला नाही, असं एक म्हातारे वकील म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी माझं नाव पुकारलं, विद्यार्थ्यांपैकी संगीता राठोड बोलतील. मी उभी राहिले. सरांनी आम्हाला लिहायला शिकवलं, एवढं म्हणून खाली बसले. लोकांना वाटलं, रडू आलं असेल. रडू नव्हतं आलं सर. तुमच्या नावाचा एक कागद परत आला होता आणि तो तुमच्या हातचा नव्हताच, हे त्या सभेत फक्त मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

तुमच्या वर्गात मी आले तेव्हा कापसाची ती वाईट वर्षं चालू होती. दर आठवड्याला कोणाची ना कोणाची गाडी गावात यायची, फोटो निघायचे, माइक पुढे यायचे, गाडी निघून जायची. मागे राहायचे कागद. कोणाचा सातबारा चुकलेला, कोणाची वारस नोंद अडलेली, कोणाचं बियाणं उगवलंच नाही. ते कागद लिहिणारं माणूस मात्र गावात नाही. म्हणून एका संस्थेनं विधी सहाय्यकांचा वर्ग काढला आणि शिकवायला निवृत्त शिरस्तेदार धरून आणला. घाटंजीच्या विहारात, दर रविवारी सकाळी, आम्ही तेरा जण. मी तांड्यावरून पहिल्या बसनं यायचे. घरात गोरमाटी बोली, बाजारात वऱ्हाडी आणि शाळेत शिकलेली पुस्तकातली मराठी. ती तिसरी मला सगळ्यात प्रिय होती. ती बोलले की कोणी विचारत नसे, कोणत्या तांड्याची म्हणून. "सदरहू" आणि "उपरोक्त" हे शब्द मी पहिल्यांदा टाइप केले त्या दिवशी घरी जाऊन आरशात पाहिलं होतं. हसू नका.

विहारात दोन लोखंडी कपाटं होती. एक वकील वारल्यावर त्यांच्या घरच्यांनी निकालांची जुनी पुस्तकं तुमच्या हवाली केली होती, ती त्यात. काही पानांच्या कडा वाळवीनं खाल्लेल्या. पहिला महिनाभर तुम्ही आम्हाला एक ओळ लिहू दिली नाही, नुसतं वाचायला लावलंत. मी दुसऱ्याच रविवारी एक निकाल शोधून आणला, खराब बियाण्याच्या तक्रारीला अगदी चपखल बसणारा. निकालाच्या डोक्यावर बारीक अक्षरात सारांश छापलेला असतो, तो वहीत उतरवून आणला होता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात.

"राठोड, हे वाचलं का निस्तं पाह्यलं?"

"वाचलं सर."

"मंग शेवटचं पान वाच बरं मोठ्यानं."

मी वाचलं. शेवटच्या पानावर शेतकरी हरला होता.

"पाय आता. तू आपल्याच मानसाले हरवून आली," तुम्ही म्हणालात. "सारांश छापनाऱ्यानं लिहेल असते, जज्जानं नाही. जज्ज काय म्हनते ते अंदर जाऊन पाहा लागते."

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. मला शेजारी बसवून तो अख्खा निकाल माझ्याकडून वाचून घेतलात, प्रत्येक परिच्छेद झाला की यात कोण बोलून राह्यलं ते सांग म्हणायचात. वकील बोलतो आहे, का साक्षीदार, का जज्ज. दोन तास गेले. शेवटी म्हणालात, जा, चहा पी, तोंड कायले पाडून राह्यली. इतक्या वर्षांत मला कोणी इतका वेळ शेजारी बसवून काही शिकवलं नव्हतं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बरं, पुढचं पान काढ.

लिहायला लागलो तेव्हा तुमची दुसरी शिस्त सुरू झाली. माणसाचं म्हणणं लिहून घेताना डाव्या समासात प्रत्येक वाक्यासमोर एक अक्षर टाकायचं. पा म्हणजे त्यानं स्वतः पाहिलं. ऐ म्हणजे दुसऱ्याकडून ऐकलं. अं म्हणजे अंदाज. ज्या वाक्यासमोर यातलं काहीच टाकता येत नाही, ते वाक्य त्या माणसाचं नाही, लिहिणाऱ्याचं आहे, ते खोडायचं. आम्ही या खुणांना इतके कंटाळलो होतो की बसस्टँडवर एकमेकांना चिडवायचो. बस येऊन राह्यली, पा. बस येणार म्हणतात, ऐ. मी एकदा तुम्हाला म्हटलंच, "सर, कोर्ट समास वाचत नाही."

"कोर्टासाठी नाही. तुह्यासाठी हाय."

आपलं खरं भांडण त्यापुढचं. तुम्ही म्हणायचात, माणूस बोलतो तसं लिहा. त्यानं पऱ्हाटी म्हटलं तर पऱ्हाटी लिहा, कापूस पीक करू नका. मला ते पटत नव्हतं. तुम्ही कोर्टात नोकरी केलीत, तुमच्या पऱ्हाटीला कोणी हसणार नव्हतं. मी पऱ्हाटी लिहिलं असतं तर म्हणाले असते, तांड्यावरची आहे, हिला एवढंच येतं. हे मी एकदा फणकाऱ्यानं बोलले. तुम्ही म्हणालात, "कागद तुह्या नावचा नाही ना पोरी. ज्याच्या नावचा हाय त्याले उद्या कोनी विचारलं त त्याले तेच बोलता आलं पायजे." मी तेव्हाही ऐकलं नाही. मला वाटलं, म्हातारे झाले आहेत.

कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्या वडिलांनी, बापूनं, माझा वर्ग बंद करायचं ठरवलं होतं, तेव्हा तुम्ही तांड्यावर आलात. आठवतं का. बापूशी अर्धा तास फक्त पावसाबद्दल बोललात. माझं नावसुद्धा काढलं नाही. जाताना उठता उठता म्हणालात, आता वेचणीपर्यंत वर्ग अकरालाच सोडतो आहे, म्हणजे पोरी दुपारी वावरात. पुढच्या रविवारी बापूनंच मला बसला बसवून दिलं. तेरा जणांचा वर्ग तुम्ही माझ्या एकटीसाठी लवकर सोडत होतात, हे बाकीच्यांना कधी कळलं नाही.

आता शेवंताबाई.

ती आली त्या रविवारी तुम्ही नव्हता. मुकुटबनला भाच्याचं लग्न होतं. जाताना मला बजावलंत, कोणी आलं तर म्हणणं लिहून घे, समास भर, टाइप मात्र मी आल्यावर. शेवंताबाईची तक्रार ग्राहक मंचात आधीच लागली होती. चार एकर पऱ्हाटी छातीला आली आणि बोंडच धरलं नाही. तालुक्याची समिती येऊन पंचनामा करून गेली होती. आता तिचं शपथपत्र दाखल करायचं होतं आणि संस्थेचे वकीलसाहेब सोमवारीच यवतमाळला कागद नेणार होते. ती प्लास्टिकच्या पिशवीत सगळं सांभाळून घेऊन आलेली. बियाण्याची रिकामी थैली, दुकानाची पावती, पंचनाम्याची नक्कल. बाकावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि सांगायला लागली. पेरलं कधी, मी विचारलं.

"मिरगात."

"मिरगात म्हणजे कोणत्या तारखेला?"

"आता तारीख कोन पाह्यते बाई. पाऊस झाला, वापसा झाला, पेरलं. मिरूग चालू होता."

विहाराच्या भिंतीवर कॅलेंडर होतं. मी उठून पाहिलं. सात जूनच्या चौकोनात बारीक अक्षरात मृग नक्षत्रारंभ लिहिलेलं. मी तिथून तारीख उचलली. "अर्जदाराने दिनांक सात जून रोजी सदरहू बियाण्याची पेरणी केली." वाक्य असं झक्क बसलं की मला त्याचा अभिमान वाटला. समासात काही टाकलं नाही. टाकायला काही नव्हतंच. ते तिनं पाहिलेलं नव्हतं, ऐकलेलं नव्हतं, तिचा अंदाजसुद्धा नव्हता. ते वाक्य माझं होतं.

सर, मी तांड्यावरची पोर. मृग लागला म्हणजे पाऊस लागला असं नसतं, हे मला पाळण्यापासून माहीत होतं. आमच्याकडे मृग लागतो त्या दिवशी बापू आभाळाकडे पाहतो आणि पुन्हा झोपतो. मिरगात पेरलं म्हणजे त्या पंधरा दिवसांत कधीतरी, जेव्हा पावसानं सवड दिली तेव्हा. घरी असते तर असं कधी बोलले नसते. पण टाइपरायटरसमोर बसले की मला घरचं काही आठवत नसे. त्या तक्रारीसाठी मी तीन निकाल शोधले होते, तिन्ही शेवटच्या पानापर्यंत वाचले होते. आणि समोर प्लास्टिकच्या पिशवीत पावती होती, तिच्यावरची तारीख वाचली नाही. "पावती सोबत जोडली आहे" एवढं टाइप केलं आणि जोडली. पावती माझ्या तारखेनंतर चार दिवसांची होती.

मी तिला शपथपत्र वाचून दाखवलं. मोठ्यानं, ठसठशीत, न अडखळता. खाली नेहमीची ओळ होतीच, वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला, तो बरोबर आहे. सोमवारी सकाळी तुम्ही मुकुटबनच्या बसमधून उतरलात आणि मी स्टँडवरच कागद पुढे केला. वकीलसाहेबांची गाडी उभी होती. शिकाऊ मुलांचं नाव कागदावर जात नसे, मसुदा करणारे म्हणून सही तुमचीच लागायची. तुम्ही म्हणालात, समास दाखव. मी म्हटलं, ती वही घरी राहिली सर, सगळं बरोबर आहे. लग्नातल्या जागरणानं तुमचे डोळे लाल झाले होते. एकदा माझ्याकडे पाहिलंत आणि सही केलीत. दुपारी शेवंताबाईनं अधिकाऱ्यासमोर अंगठा दिला.

वर्षानं निकाल आला. कंपनीच्या वकिलानं एवढंच विचारलं होतं, बियाणं विकत घेण्याच्या चार दिवस आधी बाईंनी ते पेरलं कसं. तक्रार फेटाळली. वकीलसाहेब रविवारी थेट वर्गात आले, पायातले बूटसुद्धा काढले नाहीत. शपथपत्र टेबलावर ठेवून म्हणाले, "कोणी टाकली ही तारीख? माझीही चूक आहे, मी पावतीशी ताडून पाहिलं नाही. पण टाकली कोणी?"

मी दुसऱ्या ओळीत बसले होते. त्याच आठवड्यात संस्थेच्या मदत केंद्रातल्या नोकरीसाठी वर्गातून दोन नावं जायची होती आणि एक माझं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. तांड्यावर पोचलं होतं. बापूनं पहिल्यांदा चारचौघांत माझं नाव घेतलं होतं. मी वहीत डोकं घातलं.

"म्या टाकली," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही सर?"

"सही कोनाची हाय? माहीच हाय ना. मंग."

वकीलसाहेब खुर्चीवर बसले. मी काही बोलले नाही. वर्ग सुटल्यावरही नाही. तुम्ही मला कपाटाला कुलूप लावायला सांगितलंत, खिडक्या पाहून घे म्हणालात आणि निघालात. मी वाट पाहत होते की तुम्ही चिडाल, निदान एकदा टोमणा माराल. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या नाही. पऱ्हाटीवरून भांडलात, स्वल्पविरामावरून भांडलात, माझ्या चहा न पिण्यावरून भांडलात. त्या तारखेबद्दल एक शब्द नाही. तुम्हाला काय वाटत होतं, मला बरं वाटेल? सर, रागावला असता तर मी रडून मोकळी झाले असते. तुमच्या गप्प राहण्यानं मला दीड वर्ष वाकवलं. मी केंद्रावर लागले, खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, माणसं मला मॅडम म्हणायला लागली. शेवंताबाई बाजाराच्या दिवशी केंद्रावरून जायची आणि मी खाली मान घालून कागद चाळायचे.

अपील लागलं ते तुमच्यामुळे. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं, चूक बाईची नाही, लिहिणाऱ्याची आहे, हे लिहिणाऱ्यानं स्वतः शपथेवर सांगितलं तर अपिलात बोलायला जागा आहे. नाहीतर पावतीची तारीख तशीच आडवी येणार आणि तिची चार एकरांची गोष्ट कोणी ऐकणारच नाही. तुम्ही म्हणालात, मी देतो शपथपत्र. त्यासाठीच तुम्ही त्या सोमवारी जाणार होतात.

पुण्यानुमोदन झाल्यावर काकूंनी खुंटीवरची कापडी पिशवी माझ्या हातात दिली. "संगीता, ह्याच्यात तुमच्या क्लासचे कागद हायेत. मले काय समजते. तूच ने." घरी येऊन उघडली. वर तुमचा कच्चा मसुदा होता, पेन्सिलीनं लिहिलेला, ते सुंदर अक्षर. मी स्वतः अर्जदार बाईंचे म्हणणे समक्ष ऐकले. तिने मिरगात पेरल्याचे सांगितले. सात जून ही तारीख मी माझ्या समजुतीने घातली.

तीन ओळी, आणि त्यातली पहिली न् तिसरी धडधडीत खोटी. तुम्ही त्या दिवशी घाटंजीत नव्हताच सर, मुकुटबनला मांडवात बसला होता. समासात पाहिलं. दुसऱ्या ओळीसमोर ऐ होता. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीसमोर काही नव्हतं. म्हणजे लिहिताना तुम्हाला माहीत होतं. ज्या माणसानं आम्हाला एक खोटं अक्षर लिहू दिलं नाही, तो माझ्यासाठी शपथेवर खोटं बोलायला सोमवारी यवतमाळला निघणार होता.

मला तुमचा इतका राग आला की मसुदा फाडून टाकावासा वाटला. मी मागितलं होतं का हे? आणि लगेच लाज वाटली, कारण गप्प बसून मी तेच तर मागितलं होतं. तुम्ही मला वाचवत होतात की मला ओळखलंत म्हणून माझ्याकडून अपेक्षाच सोडली होती? हे मला आता कधीच कळणार नाही. ते मला सगळ्यात जड जातं. तुम्ही असता तर मी विचारलं असतं असंही म्हणवत नाही. दीड वर्ष तुम्ही समोर होतात, कुठे विचारलं.

मी दमले आहे सर. तुमच्या जाण्यानं नाही फक्त. लपवण्यानं दमले. दर रविवारी नीट केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून, नव्या मुलींना समास कसा भरायचा ते शिकवायचं, पा, ऐ, अं, आणि मनात म्हणायचं, तू कोण शिकवणार.

परवा वकीलसाहेबांकडे गेले. ऑफिसात दोन पक्षकार बसले होते, त्यांच्या समोरच सांगितलं, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. तारीख मी टाकली होती. सर त्या दिवशी नव्हते. शपथपत्र मी देणार. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"सही त्यांची आहे."

"सही करायला मी लावली. समास मागितला तर खोटं बोलले."

"तुझं नाव निकालपत्रात येऊ शकतं. संस्थेला कळेल. केंद्रावर ठेवतील असं मी सांगू शकत नाही."

"माहीत आहे."

"मग खोब्रागडेंनी त्या दिवशी..." असं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, बाईचंही नवीन शपथपत्र लागेल, दोन्ही एकत्र देऊ, घेऊन ये.

घरी येऊन बापूला सांगितलं. नोकरी जाऊ शकते म्हटलं. तो बैलाला चारा टाकत होता. टाकून झाल्यावर विचारलं, सात जूनला पाऊस कुठे होता त्या साली? मी म्हटलं, नव्हता. बापू म्हणाला, मग लिहिलंस कसं. एवढं बोलून तो बैलासाठी पाणी आणायला गेला.

काल शेवंताबाईकडे गेले. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. बसच्या वाटेवर दहा वेळा मनात घोकलेली वाक्यं सगळी विसरले.

"मावशी, ती तारीख खोब्रागडे सरांनी नाही टाकली. मी टाकली."

तिनं सोलणं थांबवलं नाही. "मालूम हाय."

"सर बोलले होते का?"

"मास्तर कायले बोलतीन? मी तुह्या समोर बसली होती न. तूच लिहून राह्यलती. मास्तर त लग्नाले गेलते."

सर, मी पायरीवर बसले. दीड वर्ष ती माझ्या टेबलासमोरून बाजाराला जात होती आणि तिला सगळं माहीत होतं. अपिलाच्या वेळी तुम्ही तिच्या घरी जाऊन चूक स्वतःची म्हणून सांगितलंत, तेव्हाही तिला माहीत होतं. तिनं तुमच्या पुढे चहा ठेवला होता म्हणे. "आता येवढा मोठा मानूस आपल्या अंगावर घेऊन राह्यला, त मी मधात कायले बोलू," म्हणाली. मला वाटलं, यापेक्षा आता काही ऐकायचं उरलं नाही. मग उगाच विचारलं.

"वाचून दाखवलं तेव्हा सात जून तुम्हाला खटकलं नाही?"

"खटकलं ना. सातले पाऊस कुठी होता? सातले त मी मारेगावले भावाच्या घरी होती."

"मग मला थांबवलं का नाही?"

आता तिनं हातातली शेंग खाली ठेवली. माझ्याकडे नीट पाहिलं. रागावून नाही, आपल्या पोरीकडे पाहावं तसं.

"तू असं वाचून राह्यलती बाई. भरभर, निरा पुस्तकावानी. माह्यं बोलनं मलेच वळखू नाही आलं. मले वाटलं कायद्यात असंच म्हनत असतीन. आपन अडाणी, मधात बोललो आन् तुह्यं चुकलं मंग."

तिला माझी चूक होऊ द्यायची नव्हती सर. म्हणून ती गप्प बसली.

आपण पऱ्हाटीवरून इतके भांडलो आणि तुम्ही काय सांगत होतात ते मला काल दुपारी त्या अंगणात कळलं. मान्य करायला तुम्ही नाही, याचा राग राग आला. मग पिशवीतून तिच्या नवीन शपथपत्राचा कच्चा कागद काढला. अकरा ओळींचा. वाचायला लागले. एक ओळ वाचायची आणि थांबायचं, तिच्या तोंडाकडे पाहायचं. पहिल्या दोन ओळींना ती नुसती हूं म्हणाली. तिसरीला म्हणाली, "थांब. असं नाही झालं." मी खोडलं, ती सांगेल तसं लिहिलं, पुन्हा वाचलं.

अकरा ओळींत तिनं मला पाच वेळा अडवलं. पाचही वेळा ती बरोबर होती.